आवाज बारीक का येतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कुणी शिकल्यासवरल्या बाई बोलावतो. त्या आरोग्यावर, नाहीतर मुलांच्या संगोपनावर बोलतात आणि आपण ऐकतो. या वर्षी अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाहेरचे कुणी नको. आपल्यातलीच एक बोलेल, आणि ती तू." मी म्हटले, "बाई, माझी शाळा सातवीला सुटली. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "मागे आपली कॉम्प्युटरवरून मीटिंग झाली, तेव्हा तुझा शब्द न् शब्द कळला. बाकीच्या आम्हा सगळ्यांचे नुसते ओठ हलत होते. ते तू कसे केलेस, तेवढेच सांग."

तेवढेच सांगायला मी उभी आहे. विषय ऐकून मागे कुणीतरी तोंडाला पदर लावला तो मी पाहिला. स्वयंपाक, शिवण, भरतकाम सोडून ही बाई कॉम्प्युटरच्या माईकवर बोलणार म्हटल्यावर हसू यायचेच. पण भगिनींनो, या बारीक आवाजापायी माझ्या घरात एक गोष्ट घडली, आणि तिच्यातले थोडे नुकसान अजून भरून आलेले नाही. ते तुमच्या घरी होऊ नये म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो हौसेने नव्हे, गरजेने. २०२० साली करोनामुळे शाळा-कॉलेजे बंद झाली आणि धाकट्याचा डिप्लोमाचा अभ्यास घरातून सुरू झाला. तेव्हा भाताच्या पैशांतून ह्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला. मुलाचे शिक्षण झाले, तो चाकणला नोकरीला लागला, आणि कॉम्प्युटर माजघरात शिवणयंत्राशेजारी झाकून राहिला. जुन्या साडीची खोळ मी त्याला शिवली होती. आठवड्यातून एकदा खोळ काढून धूळ पुसायची, एवढाच माझा आणि त्याचा संबंध.

माझी लेक बडोद्याला दिली आहे. पहिल्या बाळंतपणाला ती भाज्याला आली आणि तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांत बाळाला एकच सवय लागली. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, मांडीवर घेऊन गुणगुणले की पोर झोपायची. दुसऱ्या कुणाच्या हाताने नाही. आत्यांना अंगाईगीते येत नाहीत. त्या म्हणतात त्या जात्यावरच्या ओव्या. लेक बडोद्याला परतली आणि आठ दिवसांत तिचा फोन आला, "आई, पोर झोपत नाही. आजीच्या ओव्या भरून पाठव."

तुम्ही विचाराल, मग मोबाईलवर का नाही भरल्या? आमच्याकडे मोठा मोबाईल एकच, तो सकाळी ह्यांच्याबरोबर बाहेर पडतो. माझा आहे तो बटणांचा. शिवाय मागे एकदा लग्नाचे सगळे फोटो मोबाईलमध्ये होते आणि तो लावणीच्या चिखलात गेला, तो फोटोंसकट. तेव्हापासून जपून ठेवायची वस्तू मोबाईलमध्ये ठेवायला माझे मन घेत नाही. म्हणून मी कॉम्प्युटरची खोळ काढली.

श्रावणातली दुपार होती. मुलाचे कानाला लावायचे हेडफोन खणात होते. त्याच्या दांडीला माईक होता. मी त्याची पिन कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात घातली, माईक आत्यांच्या तोंडाशी धरला आणि आवाज भरायची कळ दाबली. आत्या खुर्चीवर ताठ बसल्या. आधी लाजल्या, मग लागल्या म्हणायला. अर्धा तास म्हणत होत्या. एवढ्या ओव्या मी त्यांच्या तोंडून वीस वर्षांत सलग ऐकल्या नव्हत्या. देवाच्या झाल्या, भावाच्या झाल्या, मग त्यांच्या माहेरच्या आल्या.

हे माहेर म्हणजे काय ते इथल्या मोठ्या बायकांना ठाऊक आहे. आत्या पवन मावळातल्या. पवना धरण झाले ते १९७२ च्या सुमारास, आणि त्यांचे घर, शेत, पाणवठा सगळे पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथे वाघेश्वराचे देऊळ तेवढे उघडे पडते. त्या दुपारी आत्यांनी ज्या ओव्या म्हटल्या त्यांत त्यांच्या शिवाराची एकेका शेताची नावे होती. त्या ओव्या त्यांच्या आईने रचलेल्या. मी मान डोलवत ऐकत होते. कागद-पेन्सिल घ्यावी हे काही सुचले नाही. म्हटले, कॉम्प्युटर घेतोय ना सगळे.

संपल्यावर आम्ही दोघी ऐकायला बसलो. काय ऐकू यावे? पत्र्यावरचा पाऊस तेवढा स्वच्छ, आणि त्याच्यामागे विहिरीच्या तळातून कुणी बोलावे तसा आत्यांचा आवाज. शब्द लागेना. आत्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि उठून म्हणाल्या, "माझा आवाजच सरला, बाई. म्हातारीचं काय ऐकायचं त्यात? झाकून ठेव ते."

मला वाटले, रागाने म्हणाल्या असतील. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुणगुणणेच सोडले. घरचे मेतकूट त्या अजून जात्यावर दळतात. ते दळले, तेही मुक्याने. नुसती जात्याची घरघर. त्या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून असे कधी झाले नव्हते.

आता माझ्या चुका ऐका. पहिली चूक, मी त्यांना म्हटले, "आत्या, जरा मोठ्याने म्हणा." पंचाहत्तरीच्या बाईला मोठ्याने म्हणायला सांगितल्यावर आवाज फाटायचाच. दुसरी चूक, मी कॉम्प्युटरच्या स्पीकरचा आवाज वाढवत बसले. आपण ऐकतो तो आवाज वेगळा आणि माईक घेतो तो आवाज वेगळा, दोहोंची बटणे वेगळी, हे मला माहीत नव्हते. तिसरी चूक, एका दुकानात विचारायला गेले. तिथला मुलगा काही न पाहताच म्हणाला, "काकू, माईक गेला. नवा घ्या, दीड हजार पडतील." मी दीड हजार ऐकून परत आले.

शेवटी रविवारी मुलाला फोन लावला. सगळे ऐकून तो म्हणाला, "आई, आधी एवढे बघ, तो कुठल्या कानाने ऐकतोय."

भगिनींनो, सगळ्या विषयाचे मर्म या एका वाक्यात आहे. आवाज बारीक आला की आपण आपल्या गळ्याला दोष देतो आणि ओरडायला लागतो. पण दोष बहुतेक वेळा गळ्यात नसतो, वाटेत असतो. आवाज तोंडातून निघून कॉम्प्युटरच्या पोटात जाईपर्यंत मध्ये पाच-सहा ठिकाणे लागतात. पाटाचे पाणी शेतात पोचले नाही तर आपण पाटाच्या कडेने चालत जाऊन कुठे फुटलाय ते बघतो. तसेच हे तोंडापासून सुरुवात करून क्रमाने बघत जायचे.

पहिले ठिकाण, तोंड आणि माईक यांतले अंतर. उघड्यावर हे अंतर दुप्पट केले तर माईकपर्यंत पोचणारी आवाजाची शक्ती निम्मी नाही, चौथाईवर येते. चौपट केले तर सोळावा हिस्सा उरतो. म्हणून ओरडण्यापेक्षा जवळ येणे केव्हाही बरे. एक वीत अंतर चांगले. अगदी ओठांशी धरू नये, कारण मग 'प' आणि 'भ' म्हणताना श्वासाचे फटके बसतात. माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला धरावा.

दुसरे ठिकाण, माईकचे छिद्र. त्यात धूळ, पीठ जाऊन बसते. ते सुईने टोकरू नका. आत नाजूक पडदा असतो. कोरड्या मऊ ब्रशने वरवर झाडावे. मोबाईललाही तेच लागू आहे. त्याचे बोलायचे छिद्र बहुधा खालच्या कडेला असते आणि आपण नेमका तिथे अंगठा ठेवतो, नाहीतर वरचे कव्हर ते झाकते. तुमच्यातल्या निम्म्या जणींचा बारीक आवाज अंगठा काढल्याबरोबर सुधारेल.

या पडद्याविषयी मुलाने मला सांगितले ते मला फार आवडले. आपल्या लेण्यांत तबल्यासारखे वाद्य वाजवणारी एक बाई कोरलेली आहे आणि शेजारी एक नाचणारी, ती सगळ्यांनी पाहिली असेल. तबल्याच्या कातड्यावर हात पडला की ते थरथरते आणि आवाज होतो. माईकमध्ये याच्या उलट होते. आवाज येऊन पडद्यावर पडतो, पडदा थरथरतो, आणि त्या थरथरीची वीज होते. कॉम्प्युटर-मोबाईलच्या जमान्यात घरोघर पोचलेला लहान माईक ज्यावरून निघाला तो इलेक्ट्रेट जातीचा माईक १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी तयार केला. त्यातून निघणारी वीज अगदी थेंबभर असते. म्हणून वाटेत जराशी गळती झाली तरी शेवटी हाती काही लागत नाही.

तिसरे ठिकाण, पिन आणि भोक. टेबलावरच्या कॉम्प्युटरला बहुधा मागे रंगीत भोके असतात. हिरवे ऐकण्याचे, गुलाबी माईकचे. आता तुमच्या हेडफोनची पिन हातात घेऊन नीट बघा. तिच्यावर काळी कडी किती आहेत ते मोजा. तीन कडी असली तर ती मोबाईलसाठी केलेली पिन. ऐकणे आणि बोलणे दोन्ही तिच्यात एकत्र आहे. ती हिरव्या भोकात घातली तर ऐकू येते पण माईक जोडलाच जात नाही, आणि गुलाबीत घातली तरी माईकचा भाग बरोबर जागी टेकत नाही. माझे नेमके हेच झाले होते. मी आत्यांच्या तोंडाशी धरला होता तो माईक कॉम्प्युटरला जोडलेलाच नव्हता! यावर उपाय एकाची दोन टोके करणाऱ्या छोट्या वायरीचा. एका बाजूला आपली पिन घालायची, दुसऱ्या बाजूची दोन टोके हिरव्या-गुलाबीत घालायची. दीड हजाराचे काम शे-दीडशे रुपयांत झाले. लॅपटॉपला मात्र बहुधा एकच भोक असते आणि त्याला तीन कड्यांची पिन चालते.

मग तुम्ही म्हणाल, माईक जोडलेला नव्हता तर बारीक का होईना, आवाज आला कुठून? हेच चौथे ठिकाण. आमच्या पडद्यावर वरच्या बाजूला मुलाने अभ्यासासाठी छोटा कॅमेरा बसवला आहे. त्याच्या पोटातही एक माईक असतो. कॉम्प्युटर त्या माईकने ऐकत होता. आत्या बसल्या होत्या पडद्यापासून दोन हात लांब, खिडकीशी, आणि वर पत्र्यावर पाऊस. म्हणून पाऊस स्वच्छ आणि आत्या बारीक. मुलगा म्हणाला होता ते हेच, तो कुठल्या कानाने ऐकतोय ते बघ.

ते बघायचे असे. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचे चित्र असते. त्यावर माउसची उजवी कळ दाबा. आमच्याकडे विंडोज १० आहे. त्यात 'ओपन साउंड सेटिंग्ज' असे येते, ११ मध्ये नुसते 'साउंड सेटिंग्ज'. ते उघडून 'इनपुट' शब्दापाशी या. तिथे जोडलेल्या माईकांची यादी असते. आपल्या तोंडाशी असलेला माईक निवडा. मग काहीतरी बोला. बोलताना तिथली पट्टी हलली तर कॉम्प्युटर ऐकतो आहे. खात्री करायची असेल तर माईकवर नखाने हळूच टिचकी मारा. पट्टीने उडी मारली तर तोच माईक. नाही मारली तर तो दुसऱ्याच कानाने ऐकतो आहे.

पाचवे ठिकाण, आवाजाची पातळी. त्याच जागी माईकचा 'व्हॉल्यूम' असतो, शून्यापासून शंभरपर्यंत. आमचा होता चाळिशीत. तो नव्वदीला नेला. तेवढ्याने भागले तर पुढे जाऊ नका. नाही भागले तर जुन्या पद्धतीचे साउंडचे पान उघडा. विंडोज १० मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनेल', ११ मध्ये 'मोअर साउंड सेटिंग्ज'. त्यात 'रेकॉर्डिंग' निवडून आपल्या माईकवर दोनदा टिचकी मारा आणि 'लेव्हल्स' मध्ये जा. तिथे काही कॉम्प्युटरांत 'मायक्रोफोन बूस्ट' अशी दुसरी पट्टी असते. तिच्यावर दहा, वीस, तीस असे डेसिबलचे आकडे असतात. दहा म्हणजे शक्ती दसपट, वीस म्हणजे शंभरपट, तीस म्हणजे हजारपट.

हजारपट म्हटल्यावर मी अधाशासारखे तीसवर नेले, आणि फसले. आत्यांच्या आधी मीच बोलून पाहिले, तर माझ्या आवाजाबरोबर सर्रर्र असा आवाज, पंख्याचा घुमारा आणि तिकडे एक्सप्रेसवेवरच्या ट्रकांची घरघर सगळे घरात आले. आमटी पातळ झाली म्हणून आटवत बसले की तिच्यातले मीठही चढते. तसे हे आहे. बूस्ट आपला आवाज वेगळा काढून वाढवत नाही, माईकमध्ये आले ते सगळेच वाढवतो. म्हणून आधी जवळ या, मग बरोबर माईक निवडा, मग व्हॉल्यूम, आणि सगळ्यांत शेवटी बूस्ट, तोही दहा. आमचे दहावर भागले.

सहावे ठिकाण, आपण ज्यातून बोलतो ते. मीटिंगच्या ॲपमध्ये, मग ते झूम असो की गूगल मीट, माईक निवडायची स्वतःची जागा असते. बाहेर बरोबर निवडला आणि आत चुकीचा राहिला तर सगळे फुकट. झूममध्ये माईकचा आवाज आपोआप कमी-जास्त करायची एक खूण असते. हळू बोलणाऱ्या बाईच्या बाबतीत कधी कधी तीच खूण गडबड करते, ती काढून पाहावी. आणि आवाज बारीकसुद्धा नाही, मुळीच येत नाही असे झाले, तर माईकच्या चित्रावर आडवी रेघ आहे का बघा, वायरीवर काही बटण आहे का बघा, आणि सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी'त माईक वापरायची परवानगी दिली आहे का बघा.

एवढे सगळे मी एका वहीत लिहून काढले. मुलगा फोनवर सांगत होता, मी करत होते, चुकत होते, पुन्हा करत होते. तो एकदा वैतागून म्हणाला, "आई, मी पुढच्या रविवारी येऊन करून देतो." मी म्हटले, "तू करून गेलास तर मला पुढच्या वेळी पुन्हा तुझीच वाट बघावी लागेल. तू नुसता सांग."

कॉम्प्युटर दुरुस्त झाला, पण आत्या कुठे दुरुस्त झाल्या होत्या? त्यांना म्हटले, "आत्या, तुमच्या आवाजात काही नव्हते, माझ्या पिनेत होते." त्यांना काही पटेना. मग मी एक युक्ती केली. मी स्वतः माईकसमोर बसले आणि त्यांचीच एक ओवी मुद्दाम चुकीची म्हटली. ती त्यांना ऐकवली. आत्यांना चुकीची ओवी सोसवेना. म्हणाल्या, "अगं, तसं न्हाई ते!" आणि बरोबर म्हणून दाखवली. माईक चालूच होता. मग त्यांचा त्यांना आवाज ऐकवला. स्वच्छ, खणखणीत. त्या काही बोलल्या नाहीत; पण संध्याकाळी चुलीपाशी त्यांचे गुणगुणणे पुन्हा ऐकू आले.

पाऊस संपायची वाट पाहिली आणि दसऱ्यानंतर चार दिवस आम्ही पहाटे उठलो. खुर्चीवर बसून त्यांना ओव्या आठवत नव्हत्या. खुंटा हातात आला आणि हात फिरू लागला की आपोआप तोंडी येत. म्हणून जाते मांडले. पण जात्याची घरघर माईकमध्ये शिरू नये म्हणून खाली दुहेरी गोणपाट घातले. खोलीत आवाज घुमू नये म्हणून दोरीवर दोन गोधड्या टांगल्या. हेडफोन डोक्यावरच्या पदरावर राहीना, आणि वायर जात्यात अडकायची भीती. मग भाताने भरलेल्या पायलीत एक काठी रोवली, तिला माईक बांधला आणि आत्यांच्या तोंडापासून एक वीत, जात्याच्या दुसऱ्या बाजूला उभी केली. दर वेळी आधी एक ओवी म्हणायला लावून पट्टी बघायची. पट्टी तीन हिश्श्यांपर्यंत गेली म्हणजे ठीक. शेवटाला जाऊन आपटू लागली तर आवाज फाटतो, मग थोडे कमी करायचे. एवढे झाल्यावरच खरे भरायचे.

चार पहाटेंत एकसष्ट ओव्या झाल्या. आत्यांनी पहिल्या दिवसाच्या ऐकल्या आणि म्हणाल्या, "तिसरीत चुकले मी. पुन्हा घे." मी पुन्हा घेतली. बडोद्याला पाठवल्या. पोर झोपू लागली.

आता नुकसानीचे सांगते. श्रावणातल्या त्या दुपारी म्हटलेल्या माहेरच्या ओव्या आत्यांना पुन्हा आठवल्या नाहीत. दोन आठवल्या, त्याही अर्ध्या. मी किती वेळा विचारले, जाते फिरवताना विचारले. त्या म्हणतात, "त्या दिशी कुठून आल्या, कुणाला ठावं." ती पहिली फाईल मी पुसलेली नाही. मुलाने तिचा आवाज वाढवून पाहिला. पण आवाजाबरोबर पाऊसही वाढतो. कानाला लावून, पुन्हा पुन्हा लावून, दोन शेतांची नावे आणि आत्यांच्या भावाचे नाव एवढे हाती लागले. बाकी पाण्याखालीच राहिले. भरून झाल्यावर आवाज वाढवता येतो, पण जो शब्द माईकमध्ये आलाच नाही तो कुठून वाढवणार? दोन मिनिटे आधी तपासले असते तर ते शिवार आज माझ्या कॉम्प्युटरमध्ये असते. निदान हातात वही असती तरी शब्द राहिले असते.

आत्यांची गोष्ट ही एका घरातली झाली. पण ओव्यांचे काम मोठ्या माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक बर्नार्ड बेल यांच्या मदतीने आवाजातही भरून ठेवल्या गेल्या; ते शंभर तासांहून जास्त आहे. पॉइत्वाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून त्या ओव्या सगळ्यांना वाचायला आणि ऐकायला खुल्या केल्या आहेत. त्या बायका आपल्यासारख्याच. कुणी मोलमजुरी करणाऱ्या, कुणी अंगठा करणाऱ्या. मी त्या ऐकल्या तेव्हा मला वाटले, एवढी शिकलेली माणसे आपल्या सासवांच्या ओव्या लिहून घ्यायला डोंगर चढली, आणि मी त्याच घरात राहून एक पेन्सिल उचलली नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या गावात ज्या घरी सत्तरीच्या पुढची बाई आहे, त्या घरी या वर्षी एक वही आणि एक माईक जावा. शब्द वहीत, चाल माईकमध्ये. दोनांपैकी एक बिघडले तर दुसरे राहील. वायर माझ्याकडे आहे, गोणपाट माझ्याकडे आहे, पायली ज्याच्या त्याच्या घरी असतेच. शनिवार-रविवार सोडून कुणीही बोलवावे. त्या दिवशी लोहगडाला जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे माईकमध्ये येतात. मी येईन, आणि आल्यावर आधी पट्टी बघीन, मग म्हातारीला म्हणेन, आता म्हणा.

आणि एक. पुन्हा मीटिंगला तुमचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, तर "राहू द्या, माझे काही महत्त्वाचे नव्हते" असे म्हणून गप्प बसू नका. आपल्या बायकांना ती सवय फार. गळ्याला दोष देण्याआधी पिनेवरची कडी मोजा.

आत्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी हे सगळे सांगितले म्हणून घरी गेल्यावर मला बोलणी बसणार, हे त्यांच्या तोंडावरून दिसतेच आहे.